फक्त बाहेर जाणाऱ्यांचा दरवाजा

मित्रांनो, ज्याच्या वाट्याला निरोप देण्याचे काम आले आहे, त्याच्याकडून स्वागत करवून घेणे हा दिसायला लहान, परंतु परिणामाने मोठा अपराध आहे. तो करणारा मनुष्य बहुधा दुष्ट नसतो. त्याला जुन्या वस्तूंचे कौतुकच असते. ती वस्तू कशासाठी निर्माण झाली, हे विचारण्याची सवड मात्र नसते. माझ्या बाबतीत असेच घडले, आणि त्याची झळ एका निष्पाप दांपत्याला लागली. ते दोघे केवळ एक दिवस गाव पाहायला आले होते. ऐकताना भय वाटले, तर एकमेकांचे हात धरा; पण मध्येच उठून जाऊ नका.

मी एक जुना दरवाजा आहे. इटलीतल्या गुब्बियो नगरीत, डोंगराच्या पोटाशी चढत गेलेल्या एका गल्लीत, करड्या दगडांच्या घराला मी बसवलेला आहे. आमच्याकडच्या पुष्कळ जुन्या घरांना दोन दारे असतात. एक रुंद, रस्त्याच्या पातळीवरचे. त्यातून माणसे, गाढवे, द्राक्षांच्या पाट्या आणि नव्या सुना आत येतात. दुसरे त्याच्या शेजारी, अंगाने अरुंद आणि रस्त्यापासून कमरेइतके उंच. त्याला पायऱ्या नसतात. ते दुसरे दार म्हणजे मी. लोक मला मृतांचे दार म्हणतात.

माझे लाकूड याच डोंगरावरच्या ओक वृक्षाचे. ज्या सुताराने मला घडवले त्याचे नाव आता कोणालाच ठाऊक नाही, पण त्याचे हात मला आठवतात. त्याने माझे माप उभ्या माणसावरून घेतले नाही. घरातला सर्वांत रुंद खांद्यांचा पुरुष त्याने बाकावर आडवा निजवला आणि या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत दोरी धरली. तो पुरुष हसत होता. सुतार हसत नव्हता.

मला बाहेरच्या अंगाला कडी नव्हती, मूठ नव्हती, किल्लीचे छिद्रही नव्हते. आतून मात्र एक जाड अडसर होता. घरात मृत्यू झाला की घरच्या बाया त्या अडसराला हात घालत. ज्या खोलीत मी उघडतो, त्याच खोलीत मृताला स्नान घालून निजवलेले असे, पाय माझ्याकडे करून. त्याचे बूट पुसून, टोके माझ्याकडे वळवून, पलंगाखाली जोडीने ठेवलेले असत. हनुवटीखालून एक ओले फडके बांधलेले असे. मग शवपेटी पाय पुढे करून माझ्यातून सरकवली जाई आणि गल्लीत उभे असलेले खांदे तिला झेलत. ती कोपऱ्यावर वळण्याच्या आत मला मिटावे लागे. त्यानंतर गवंडी येऊन आतून विटा रचून जाई.

हे सारे कशासाठी, असे तुम्ही विचाराल. मेलेला मनुष्य सगळ्या वाटा विसरतो. ज्या दाराने तो गेला, तेवढी एकच वाट त्याला आठवते, अशी आमच्या लोकांची श्रद्धा आहे. परतून तो माझ्यापाशीच येतो. बाहेरून कडी नाही, चढायला पायरी नाही. तो थोडा वेळ ताटकळतो, आणि मग घंटेच्या नादामागून डोंगराकडे निघून जातो.

ही श्रद्धा खरी की खोटी, याची चर्चा विद्वानांनी करावी. मी दरवाजा आहे. मला जे दिसले तेच मी सांगतो. पुष्कळजण खरोखरच निघून गेले. काही मात्र गेले नाहीत. समोरच्या भिंतीला पाठ लावून, माझ्याकडे तोंड करून ते उभे राहिले. पाऊस त्यांना भिजवत नसे. गल्लीतली मांजरे त्या भिंतीपाशी आली की वळसा घालून जात. समोर राहणारी पालमिरा ही म्हातारी रोज दुपारी शेंगा सोलायला खुर्ची घेऊन बाहेर बसते. तिला कोणी दिसत नसे, तरीही त्या भिंतीशी तिने आपली खुर्ची कधी टेकवली नाही.

त्या काळी माझा मान मोठा होता. जाता-येता लोक माझ्या चौकटीला बोटे लावून ती ओठांना लावत. घरची आई रागावली की मुलांना म्हणे, "गप बसता की ते दार दाखवू?" पुढे माणसे दूरच्या इस्पितळांत मरू लागली आणि माझे काम सरत गेले. शेवटी मी उघडलो तो झेलिंदा नावाच्या वृद्धेसाठी. ती या घराची करडी मालकीण. कोंबड्यांपासून जावयांपर्यंत सर्वांना एकाच आवाजात हाकणारी. तीही डोंगराकडे गेली नाही. कोपऱ्यावर, इतरांपासून थोडी दूर, हातांची घडी घालून ती उभी राहिली. जणू उरलेल्यांवर कोणी तरी लक्ष ठेवायलाच हवे होते.

त्यानंतर कित्येक वर्षे मी विटांना पाठ लावून अंधारात होतो. मला कोणी विचारत नव्हते, आणि खरे सांगायचे तर मला त्याचे वाईटही वाटत नव्हते.

मग घर झेलिंदाच्या नातवाकडे, फुल्वियोकडे आले. फुल्वियो मनाने मऊ आणि जिभेने गोड. घर पाहुण्यांना राहायला द्यावे, असे त्याने ठरवले. रुंद दारासह तळमजला त्याने मातीची भांडी विकणाऱ्याला दिला आणि आतला जिना भिंत घालून बंद केला. वरच्या खोल्यांत जायला आता वाट उरली नाही. तेव्हा त्याची नजर माझ्यावर पडली.

विटा निघाल्या. माझ्या अंगाला तेल लागले. माझ्यापुढे दगडी पायऱ्या बांधल्या गेल्या, आणि ज्या अंगाला कधीही कोणाचा हात लागू नये, त्या अंगाला पितळेची चकचकीत मूठ बसवली गेली.

पालमिरा शेंगांचे टोपले मांडीवर घेऊन पाहत होती. ती म्हणाली, "फुल्वियो, अरे डोकं फिरलंय का तुझं? तिथनं पाहुणे आत घेणार?"

"मावशी, लोकांना असंच जुनं काहीतरी हवं असतं हो. फोटो काढतील बघा."

"तुझी आजी गेली ना तिथनं? फोटो काढायला तिलाही बोलाव."

"आता आजीचं काय मध्येच!"

"मध्ये मी आणत नाहीये रे बाबा. मध्ये तू दार काढतोयस."

फुल्वियो हसला आणि मूठ पुसू लागला. तो हसत होता तेव्हा समोरच्या भिंतीशी उभ्या असलेल्या सर्वांनी एकदम माना वर केल्या. शतकानुशतके ते माझ्याकडे पाहत होते. आता ते माझ्या मुठीकडे पाहू लागले.

पाहुणे येऊ लागले. जो कोणी मला उघडून आत येई, त्याच्या पाठोपाठ भिंतीशी उभ्या असलेल्यांतला एकजण आत येई. पावलाला वजन नसे. उंबरठ्यावरून थंड पाणी वाहत गेल्यासारखे वाटे, इतकेच. सकाळी पाहुणे सांगत, की रात्री खिडक्या लावलेल्या असूनही गारठा होता. की मेणबत्ती न लावता मेणाचा वास आला. की कोणीतरी आरसा भिंतीकडे वळवून ठेवला. फुल्वियो म्हणे, "जुनं घर आहे हो." गल्ली हळूहळू रिकामी झाली आणि घर भरत गेले. बाहेर उरली ती एकटी झेलिंदा. ती आत आली नाही. माझ्याकडे पाहून ती संतापाने मान हलवी, आणि मला मान खाली घालता येत नसल्यामुळे मी तसाच उभा राही.

शरद ऋतूतल्या एका धुक्याच्या सकाळी ते दांपत्य आले. दोघे फेरारा शहराचे, म्हणजे अगदी सपाट मुलखातले. पुरुषाचे नाव कोरादो. जन्मभर बस चालवून तो नुकताच निवृत्त झाला होता. देह भक्कम, खांदे रुंद, तोंडाला उसंत नाही. त्याची पत्नी निवेस पुरुषांचे कोट शिवत असे. ती कमी बोलणारी आणि नीट पाहणारी होती.

कोरादो पायऱ्या चढून माझ्यासमोर धापा टाकत उभा राहिला. "हे दार आहे की पत्र टाकायची फट?"

"तिरका हो ना जरा," निवेस म्हणाली.

"तिरका कशाला? बघ, कसा बसतोय बरोबर. माझ्याच मापानं केलंय."

तो आत शिरला तेव्हा त्याचे दोन्ही खांदे माझ्या चौकटीला एकाच वेळी लागले. मित्रांनो, माझ्या लाकडाला ती दोरी आठवली. बाकावर हसत निजलेला तो पुरुष आठवला. इतक्या शतकांत ते माप मला पुन्हा भेटले नव्हते. निवेसही पायरीवरच थबकली. कोट शिवणाऱ्या बाईला खांद्याचे माप ओळखता येते. तिने क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि तिचा चेहरा उतरला.

"हे दार एवढं निमुळतं का हो?" तिने फुल्वियोला विचारले.

"जुनं आहे. ऐतिहासिक."

"सांग की रे, कसलं ऐतिहासिक ते!" समोरून पालमिरा ओरडली. "का मी सांगू?"

फुल्वियोचे कान लाल झाले. त्याने अडखळत सांगितले. ऐकून कोरादो इतका मोठ्याने हसला की भांडीवाल्याच्या दुकानातल्या बरण्या किणकिणल्या.

"म्हणजे जाताना उचलून न्यायची सोयसुद्धा आहे म्हणा! निवेस, तू नेहमी म्हणतेस ना, मी कधी चांगली जागा शोधत नाही?"

"गप्प बस, कोरादो. मला नाही आवडत असलं."

"अगं, गंमत."

"तुझी गंमत तुझ्यापाशी ठेव. सामान टाक, आपण बाहेर पडू."

ते गाव पाहायला निघाले. त्यांच्याबरोबर मी जाऊ शकत नव्हतो. पण दुपारी परत येऊन ते जे बोलले त्यावरून त्या फेरफटक्याचे चित्र माझ्यापुढे स्पष्ट उभे राहिले. आरंभी त्यांची भ्रमंती मजेत झाली. तारेवरून सरकणाऱ्या, उभ्याने न्यायच्या पिंजऱ्यासारख्या पाळण्यातून ते डोंगरावर गेले आणि आमच्या गावच्या संताचे अविनाशी शरीर काचेतून पाहून आले. मोठ्या चौकात ऊन येण्याची वाट पाहत बसले. मनोऱ्यावरची प्रचंड घंटा पायांनी ढकलून वाजवतात ती त्यांनी ऐकली. शेवटी वेड्यांच्या कारंज्यापाशी जाऊन कोरादोने आमच्या गावची रीत पाळली. त्या कारंज्याभोवती तीन वेळा धावावे, कोणा गावकऱ्याकडून अंगावर पाणी उडवून घ्यावे, आणि मग गुब्बियोचा मानाचा वेडा म्हणून मिरवावे. साठी उलटलेला तो जाड माणूस पोराच्या उत्साहाने धावला.

परंतु निवेसच्या मनात काही वेगळेच साचले होते. खोलीत पाऊल टाकताच ती म्हणाली, "तुझ्या लक्षात आलं का कोरादो? ते म्हातारे?"

"कोणते?"

"चौकातले. बाकावर बसलेले. तू समोरून गेलास आणि सगळ्यांनी टोप्या काढल्या."

"मग? अदब असते एकेका गावाला. आमच्याकडे बसमध्ये म्हातारीलासुद्धा जागा देत नाहीत."

"मी मागून येत होते. मी गेले तेव्हा त्यांनी टोप्या घातल्या."

"तुझं आपलं काहीतरीच."

"आणि जेवणाचं काय? त्या पोऱ्यानं एकच क्रेशा रोटी आणली, एकच ग्लास. तू समोर बसलायस, बोलतोयस, आणि तो मला विचारतो, सिन्योरा, एकट्याच का?"

"झोपेत होता तो."

"दोनदा सांगावं लागलं, कोरादो. दोनदा. आणि मग तुझ्याकडे बघून छातीवर क्रूस काढला त्यानं."

कोरादो हसला, पण या वेळी बरण्या किणकिणल्या नाहीत. त्याचा सदरा कारंज्याच्या पाण्याने भिजलेला होता आणि ओठांवरचा रंग उतरला होता. "जरा पडतो," तो म्हणाला. "तो डोंगर अंगावर आलाय." फुल्वियोने पलंग मांडला होता तो मृताला निजवत त्याच जागी, आणि पायही माझ्याकडेच येतील अशा बेताने. जागा अरुंद असल्याने पलंग दुसरीकडे बसतच नव्हता. कोरादो त्यावर आडवा झाला. निवेस त्याच्यासाठी काही गरम आणावे म्हणून खाली गेली आणि जाताना मला लोटून गेली.

आता मी जे पाहिले ते शांतपणे ऐका.

भिंतींच्या कडेने, कपाटाच्या सावलीतून, आरशामागून त्या सगळ्या पुढे आल्या. त्या या घरच्या बाया होत्या. कोणाच्या आज्या, कोणाच्या पणज्या. त्यांच्या चेहऱ्यावर क्रौर्य नव्हते. होती ती घरातल्या जाणत्या बायांची गंभीर लगबग. त्यांच्या हातांना या खोलीतले एकच काम ठाऊक होते. मृतांच्या दारातून आलेला, मापाने बरोबर असलेला एक पुरुष पाय दाराकडे करून निजला आहे, एवढेच त्यांना दिसत होते. त्याला नीट निरोप देणे हे त्यांचे कर्तव्य होते. एकीने त्याचे बूट काढले, झग्याच्या टोकाने पुसले, टोके माझ्याकडे वळवून पलंगाखाली ठेवले. दुसरीने त्याचे हात छातीवर एकमेकांत गुंफले. तिसरी त्याच्या कपाळावरचे ओले केस मायेने मागे सारू लागली. जिथे जिथे त्यांचे हात लागत, तिथली ऊब ओसरत होती.

त्यांना सांगायला मला तोंड नव्हते. चूक त्यांची नव्हती, माझी होती. कारण आत येणाऱ्याची ओळख दारानेच करून द्यायची असते, आणि मी त्याची खोटी ओळख करून दिली होती.

निवेस सूप घेऊन आली. "झोप लागली का?"

कोरादोने कष्टाने डोळे उघडले. "माझे बूट काढलेस ते बरं केलंस," तो पुटपुटला. "हात मात्र सोड. जड झालेत."

"मी नाही काढले."

"काय?"

"बूट. मी आत्ता आले."

मग तिने पलंगाखाली जोडीने ठेवलेले बूट पाहिले. गुंफलेले हात पाहिले. त्याच्या हनुवटीखाली पाण्याचा एक गार पट्टा चमकत होता, जणू ओले फडके बांधून नुकतेच सोडले असावे. सूप तिच्या हातून पडले. ती माझ्यातून बाहेर धावली आणि पायरीवरून ओरडली, "कोणीतरी या! माझा नवरा... त्याच्या छातीत काहीतरी होतंय!"

भांडीवाल्याने रुग्णवाहिकेला फोन लावला. पालमिराने टोपले खाली ठेवले आणि निवेसला विचारले, "कसा पडलाय? पाय कुठं?"

"दाराकडे."

"बूट?"

"कोणीतरी काढून ठेवलेत. ओळीनं."

पालमिराचा चेहरा दगडासारखा झाला. लहानपणी या घरातले सगळे अंत्यविधी तिने आईच्या झग्याआडून पाहिले होते. तिने निवेसचे मनगट धरले. "हे बघ पोरी. आत जा आणि त्याला बोलतं ठेव. काय वाटेल ते विचार, शिव्या घालू दे, पण तोंड चालू राहू दे. मेलेला बोलत नाही, एवढंच त्यांना कळतं."

"कुणाला?"

"नंतर विचार. आधी जा!"

रुग्णवाहिका गल्लीच्या तोंडाशी थांबली, कारण वर येण्याइतकी गल्ली रुंद नाही. दोघे जण स्ट्रेचर घेऊन चढून आले. त्यांतली पुढची तरुणी याच गावची होती, नाव ओत्ताविया. तिने नाडी पाहिली, नळी लावली, गोळी जिभेखाली ठेवली. "हृदयाचंच आहे. लगेच न्यायला हवं. चल, आडवा घेऊ."

स्ट्रेचर माझ्यासमोर आले. त्याची रुंदी आणि माझी रुंदी यांत बोटाचाही फरक नव्हता. पाय पुढे. मित्रांनो, माझा स्वभाव मला ठाऊक आहे. आडवा, पाय पुढे करून जो माझ्यातून जातो, त्याच्यामागे मी मिटतो; आणि मी मिटलो की तो परत येत नाही. हे मी ठरवत नाही. बिजागऱ्यांमध्ये ती ओढ आधीच सुरू झाली होती.

निवेस माझ्या चौकटीत आडवी उभी राहिली. दोन्ही तळहात तिने दोन्ही खांबांवर दाबून धरले.

"आडवा नाही."

"बाई, वेळ नाहीये," मागचा माणूस म्हणाला.

"मला कळतंय वेळ नाहीये! पण आडवा नाही. ह्या दारातनं आडवा नाही न्यायचा त्याला."

तिचा आवाज फाटला.  ओत्तावियाने माझ्याकडे पाहिले, माझ्या उंच उंबरठ्याकडे पाहिले, आणि तिचा हात नकळत चौकटीला लागून ओठांकडे गेला. ती सहकाऱ्याला म्हणाली, "खुर्ची उघड. असल्या जिन्यावर तीच बरी. बसवून नेऊ, तोंड पुढे."

त्यांनी कोरादोला खुर्चीत बसवून पट्टे आवळले. त्या सगळ्या बाया त्याच्याभोवती दाटल्या होत्या. एकीचा हात त्याच्या पापण्यांवर येत होता, अत्यंत हळुवारपणे. त्याचे डोळे मिटू लागले.

"कोरादो!" निवेस ओरडली. "बोल! काहीतरी बोल माझ्याशी!"

"काय... बोलू?"

"काहीही! तुझ्या रस्त्यावरचे थांबे सांग. पहिला कोणता?"

"स्टेशन," तो म्हणाला. आवाज वाळक्या पानासारखा होता. "मग... कावूर रस्ता."

"पुढे?"

"किल्ला. तिथं... नेहमी उशीर. तुझ्या बहिणीमुळे. थांब म्हणते आणि... पर्स शोधते."

"माझ्या बहिणीला मध्ये आणू नकोस!"

"तीच मध्ये येते. बसच्या... पुढ्यात येते. बावीस वर्षं. एकदाही तिकीट काढलं नाही बयेनं!"

हे शेवटचे वाक्य तो खऱ्या रागाने, पूर्ण आवाजात बोलला. पापण्यांवरचा तो हात थबकला. बायांनी एकमेकींकडे पाहिले. कपाळावरचा हात मागे गेला, पायांवरचा हात मागे गेला. आणि त्या सगळ्यांच्या चेहऱ्यांवर अशी लाज पसरली, जशी चुकून परक्याच्या घरी सांत्वनाला गेलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर पसरते. जिवंत माणसाला आपण आवरायला घेतले होते, हे त्यांना कळले.

खुर्ची माझ्यातून बाहेर पडली. त्याचे खांदे दोन्ही बाजूंनी मला घासले. पण तो बसलेला होता, तोंड पुढे होते, आणि तो अजून मेव्हणीच्या पर्सबद्दल बोलत होता. माझ्या बिजागऱ्यांतली ओढ सुटली. मी उघडाच राहिलो.

आणि त्याच्यामागून त्या निघाल्या. एकामागून एक, उंबरठ्यावरून थंड पाणी वाहावे तशा, जितक्या आत आल्या होत्या तितक्या सगळ्या. त्यांच्यामागून घरचे पुरुष, मान खाली घालून. गल्लीतली मांजरे भिंतीला चिकटून त्यांना वाट देत होती. कोपऱ्यावर झेलिंदा उभी होती. कोंबड्या खुराड्यात घालताना मोजाव्यात तसे तिने प्रत्येकाकडे बोट करून मोजले. मोजणी पुरी झाल्यावर तिने माझ्याकडे एकवार पाहिले, पाठ फिरवली आणि सर्वांच्या पुढे होऊन डोंगराची वाट धरली. त्या दिवसानंतर समोरच्या भिंतीशी मला कोणीही दिसले नाही. कालच पालमिराने आपली खुर्ची तिथे टेकवली.

कोरादो वाचला. त्याच्या हृदयाकडे जाणाऱ्या वाटा डॉक्टरांनी मोकळ्या केल्या. थोड्या दिवसांनी निवेसने पालमिराला फोन केला, तेव्हा पालमिरा गल्लीच्या मधोमध उभी राहून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलत होती. "काय म्हणतो? सूप अळणी आहे म्हणतो? मग बरा झाला तो! नाही गं, तुला कळलंच ना, कोण होत्या त्या. नको घाबरूस. चांगल्या घरच्या होत्या. चुकून तुमच्याकडे आल्या."

 पालमिराने फुल्वियोला रागे भरण्याची गरजच पडली नाही. त्याने स्वतःच्या हातांनी माझी मूठ काढली, भोके लाकडाने बुजवली, पायऱ्या उखडल्या. भांडीवाल्याशी बोलून आतल्या जिन्याची भिंत पाडली. आता पाहुणे भांड्यांच्या दुकानातून, खाली वाकून, हसत-धडपडत वर जातात. त्यांना तेही आवडते. माझ्यामागे पुन्हा विटा रचल्या गेल्या. शेवटची वीट बसवण्यापूर्वी फुल्वियोने आपले कपाळ क्षणभर माझ्या लाकडाला टेकवले. तो काय म्हणाला ते मी कोणाला सांगणार नाही.

मित्रांनो, मी आता अंधारात आहे आणि समाधानात आहे. तुमच्या घरीही जुन्या वस्तू असतील. त्यांना तेल लावा, त्यांची धूळ पुसा. पण त्यांना नव्या कामाला जुंपण्यापूर्वी एकदा विचारा, की बाबा, तू कशासाठी केला गेलास? तिला बोलता येत नसेल, तर जिला आठवते अशा एखाद्या म्हाताऱ्या शेजारणीला विचारा. तेवढा वेळ काढणे हीच त्या वस्तूची खरी निगा आहे.

सपाट मुलखात परतलेल्या त्या दोघांना दीर्घ सहवास लाभो. त्यांच्या दारातून आत येणारी पावले ओळखीची असोत. ज्या बाया अनवधानाने चुकल्या, त्यांचे हात आता विसावोत. आणि त्यांना पुढे घेऊन गेलेल्या झेलिंदाला डोंगरावर थोडी सावली, थोडी शांतता मिळो. तथास्तु.